टोंगातल्या गावात चर्चचा सण: स्वयंसेवकाने कधी, कुठे, काय करायचं

बोलावणं रविवारच्या जेवणाचं असतं आणि स्वयंसेवक रविवारी थेट जेवायला हजर होतो. घोटाळा इथेच सुरू होतो. टोंगा या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशात गावाची पंगत बसते तेव्हा सणाचं बरंचसं काम उरकलेलं असतं. डुक्कर कोणाच्या घरचं, अळूची पानं कोण आणणार, झाप कोण विणणार, गायनाच्या तालमीला कोण येणार, हे सगळं आधीच्या आठवड्यात ठरतं, आणि ते ठरत असताना गाव तुम्हाला ओळखायला लागतं. जो थेट पंगतीला येतो त्याला मानाने बसवतात, पोटभर वाढतात, पण तो वर्षभर पाहुणाच राहतो.

टोंगाच्या वावाऊ बेटांवरच्या एका गावात मी शाळेत शिकवायला होते. ऑकलंडहून आणि सिडनीहून स्वयंसेवक म्हणून निघालेली मराठी मुलंमुली आता मला विचारतात: काय घालू, पैसे किती देऊ, मी बीफ खात नाही तर काय करू? प्रश्न बरोबर असतात, ते विचारायची वेळ मात्र हमखास चुकते. म्हणून हे सगळं त्या त्या दिवसाच्या क्रमाने लिहिते आहे. क्रम मोडू नका.

## १. आधी चर्च कोणतं, मग सण कोणता

एकाच गावात तीन-चार चर्च असू शकतात. देशातले साधारण एक तृतीयांश लोक फ्री वेस्लियन चर्चचे. त्यांच्याखालोखाल मॉर्मन आणि कॅथलिक, शिवाय फ्री चर्च ऑफ टोंगा, चर्च ऑफ टोंगा, सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट. तुमचं यजमान घर ज्या चर्चचं, ते तुमचं पहिलं चर्च. शेजारच्या चर्चचं बोलावणं आलं तरी आधी घरात सांगा. पहिल्याच महिन्यात दुसऱ्याच चर्चच्या पंगतीत जाऊन बसलात, तर यजमानांना गावात उत्तरं द्यावी लागतात.

चर्चप्रमाणे ताटही बदलतं. ॲडव्हेंटिस्ट डुक्कर खात नाहीत. मॉर्मन घरी चहा, कॉफी, दारू चालत नाही. एक गोष्ट फार जणांना चकवते. ॲडव्हेंटिस्ट जगभर शनिवारी प्रार्थनेला जमतात, टोंगात मात्र रविवारी जमतात, कारण आंतरराष्ट्रीय वाररेषा या बेटांसाठी वळवून घेतलेली आहे. तेव्हा शनिवारी त्यांच्या दारात जाऊन उभे राहू नका.

वेस्लियन घरात राहणार असाल तर हे प्रसंग ठरलेले:

- उइके लोतू, जानेवारीचा पहिला आठवडा. रोज प्रार्थना आणि आळीपाळीने एकेका घराची पंगत.
- फाका मे, मे महिन्याचा पहिला रविवार. मुलांचा दिवस. पांढऱ्या कपड्यांतली मुलं चर्चमध्ये उभी राहून बायबलमधले पाठ केलेले उतारे म्हणतात, छोटी नाटकं करतात.
- मिसिनाले, वर्षातून एकदा चर्चला द्यायची वर्गणी. कोणत्या घराने किती दिले, ते सगळ्यांसमोर वाचून दाखवतात.
- कोनिसेती, म्हणजे निधीसाठी नाचगाण्याचा कार्यक्रम. याला ठरलेली तारीख नसते.

तपासा: यजमान घरातल्या मोठ्या बाईंना हे तीन प्रश्न विचारून झाले का? सण कोणता, पंगत कोणाची, आपल्या घराकडे काम कोणतं. तिसऱ्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## २. खाण्याचं पथ्य गुरुवारच्या आत सांगा

मराठी माणसासाठी हा सगळ्यात नाजूक भाग आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

टोंगाच्या पंगतीत मांस फार असतं. सळईवर भाजलेलं अख्खं डुक्कर, लू पुलू म्हणजे अळूच्या पानात बांधलेलं खारवलेलं बीफ, लू सीपी म्हणजे तसंच मटण, कोंबडी, ऑक्टोपस, लिंबाच्या आणि नारळाच्या रसातला कच्चा मासा म्हणजे ओता ईका. कधीकधी घोड्याचं मांसही असतं. पानात बांधलेल्या पुरचुंडीत काय आहे ते बाहेरून कळत नाही.

मी बीफ खात नाही. पहिल्या पंगतीत हे मी ताटावर बसल्यावर सांगितलं. समोर वाढणाऱ्या बाईंच्या हातातली पुरचुंडी तशीच राहिली. त्यांनी ती पहाटे उठून बांधली होती, आणि सगळ्यांच्या देखत मी नको म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळभर आमच्या घरात कोणी नीट बोललं नाही. पुढच्या वेळी मी गुरुवारीच सांगितलं. त्या रविवारी माझ्यासाठी नुसत्या कांद्याचा आणि नारळाच्या रसाचा वेगळा लू आला, त्याच्या फॉइलला ओळखू यावा म्हणून पीळ दिलेला होता. बाई त्याच, मन तितकंच मोठं. आधी माझं सांगणं उशिराचं होतं, एवढाच फरक.

हे शब्द पाठ असू द्या: पुलू बीफ, पुआका डुक्कर, सीपी मटण, मोआ कोंबडी, ईका मासा, होओसी घोडा. ‘ईकाई’ म्हणजे नाही. पण नुसतं ‘ईकाई’ तोडल्यासारखं वाटतं, त्याच्याबरोबर ‘फाकामोलेमोले’ जोडा, म्हणजे कृपा करून, माफ करा.

शाकाहारी असाल तर कंदांवर भिस्त ठेवा. कोनफळ (तिथे उफी), अळकुडीचा मोठा भाऊ तालो, रताळं, कसावा, नीरफणस, कच्ची केळी, हे सगळं भट्टीत भाजलेलं भरपूर असतं. अडचण इतकीच की बिनमांसाचं जेवण तिथे गरिबीचं समजतात. तुम्ही फक्त कंद घेतलेत की पाहुण्याला कमी पडलं म्हणून यजमान कासावीस होतात. म्हणून कारण सांगा, आणि धर्माचं किंवा घरच्या वळणाचं असेल तर तेच सांगा. श्रद्धेपोटी एखादी गोष्ट न खाणं तिथे लगेच समजतं. ‘मला आवडत नाही’ हे समजत नाही.

सावधान: ‘सगळं चालतं’ असं भिडेखातर म्हणू नका. पहिल्या रविवारी म्हटलेलं वर्षभर पाळावं लागतं.

## ३. कपडे: कंबरेला काही बांधल्याशिवाय बाहेर पडू नका

चर्चला जाताना कंबरेला ताओवाला किंवा कीएकीए नसेल, तर बाकीचे कपडे कितीही चांगले असोत, तुम्ही अर्धवट कपड्यांत आहात.

ताओवाला म्हणजे कंबरेला गुंडाळायची चटई. ती ज्या पानांची विणतात ती झाडं आपल्या केवड्याच्या कुळातली. पुरुष आधी तुपेनु नेसतात, म्हणजे लुंगीसारखं पण शिवलेलं, पोटरीपर्यंतचं वस्त्र. त्यावर ताओवाला, त्यावर काफा ही दोरी. वर बाह्यांचा, कॉलरचा सदरा. बायका पुलेताहा घालतात, एकाच कापडाचा झगा आणि खाली लांब स्कर्ट, त्यावर ताओवाला नाहीतर कीएकीए. कीएकीए हा पट्टा असतो, त्याला विणलेल्या पट्ट्या-गोंडे लोंबतात. उन्हाळ्यात तो बरा, कारण चटई गुंडाळून तीन तास बसलं की पाठीवरून घाम ओघळतो.

पहिल्या रविवारी मी लांब कुर्ता आणि सलवार घालून निघाले. अंग झाकलेलं होतं, मला ठीक वाटलं. उंबऱ्यापाशी यजमान आईने मला थांबवलं, काही न बोलता स्वतःच्या कंबरेचा कीएकीए सोडला आणि माझ्या कंबरेला बांधला. गाठ मागे न मारता थोडी बाजूला मारली, ओढून पाहिली, मग आत जाऊन आपल्यासाठी जुना काढून आणला. तिचा नवा होता.

काय करायचं, क्रमाने:

१. जाण्यापूर्वी पुलेताहा किंवा तुपेनु शिवून घ्यायची घाई करू नका. राजधानी नुकुआलोफाच्या तालामाहू बाजारात कीएकीए आणि ताओवाला विकत मिळतात, गावातही कोणीतरी विणणारी असतेच.

२. पहिला ताओवाला घरातून मागून घ्या. सणाची चटई वेगळी आणि सुतकाची वेगळी. मयताच्या वेळी मोठ्या, जुन्या, फाटक्या चटया नेसतात, आणि कोणी किती मोठी नेसायची हे मृताशी असलेल्या नात्यावर ठरतं. बाजारातून आवडली म्हणून आणलेली चटई सणाला नेसायची आहे की नाही, हे घरातलीच माणसं सांगतील.

३. गाठ दुसऱ्याकडून मारून घ्या. पहिले महिनाभर तरी.

४. मुलींनी खांदे आणि गुडघे झाकलेले ठेवा. पुरुषांनी उघड्या अंगाने रस्त्यावर फिरू नये. तसा टोंगात कायदाच आहे.

तपासा: खाली मांडी घालून बसून पाहा. गुडघे उघडे पडतात का? उठून पाहा, चटई सरकते का? हे घरी कळलेलं बरं.

## ४. पैसे आणि भेट: घराच्या हातून

स्वयंसेवक मोठी रक्कम पाकिटात घालून थेट फाईफेकाऊंच्या, म्हणजे पाद्रींच्या, हातात देतो आणि आपण चांगलं काम केलं असं समजतो. मिसिनालेला कोणत्या घराने किती दिले ते जाहीर होतं. तुमचा आकडा यजमानांपेक्षा मोठा निघाला तर मान त्यांची खाली जाते. वेगळा दिलात तर त्यांच्या घरात राहून तुम्ही त्यांचे नाही, असा अर्थ निघतो.

म्हणून यजमानांना विचारा, आपलं घर किती देणार आहे, मी त्यात किती घालू. ते घराच्या नावावरच जाऊ द्या. यजमान कर्ज काढून देत आहेत असं दिसलं तरी उपदेश करू नका. तो त्यांच्या घराचा आणि देवाचा मामला आहे. हातभार लावायचा असेल तर महिनाभर आधी पिठाचं पोतं, साखर, तेल, कॉर्न्ड बीफचे डबे असं सामान आणून द्या. ते घराच्या उपयोगी पडतं आणि कोणाचा मान दुखावत नाही.

कोनिसेतीला पद्धत निराळी. नाचणाऱ्या मुलीच्या अंगाला नारळाचं तेल चोपडलेलं असतं आणि लोक उठून तिच्या दंडावर, खांद्यावर नोटा चिकटवतात. याला फाकापाले म्हणतात. हे कौतुक आहे आणि पैसा सगळा निधीत जातो. दोन आणि पाच पाआंगाच्या (हे टोंगाचं चलन) सुट्ट्या नोटा आधी जमवून ठेवा, गावातल्या दुकानात ऐनवेळी सुटे मिळत नाहीत. नोट दंडावर ठेवायची, नाच अडवायचा नाही, लगेच परत जागेवर यायचं. पुरुष स्वयंसेवकांनी पहिल्या खेपेला यजमान घरातल्या कोणाबरोबर तरी उठावं.

दारू नेऊ नका.

## ५. तालीम: गावात शिरायचा सोपा रस्ता

सणाआधी चर्चच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी गायनाच्या तालमी असतात. तिथे जा. गाता येत नसलं तरी जाऊन बसा.

फळ्यावर शब्द आणि त्यांच्यावर आकडे लिहिलेले दिसतील. ती टोंगाची स्वतःची स्वरलिपी आहे, स्वरांच्या जागी आकडे. पहिले दोन दिवस डोकं गरगरतं, मग शेजारणीच्या आवाजाला चिकटून गेलं की जमतं. वेगवेगळ्या पट्टीचे आवाज वेगवेगळे बसतात, तेव्हा तुमचा आवाज ऐकून कोणी सांगेल तिथे बसा, मैत्रिणीशेजारी जागा धरू नका. वाद्याशिवाय, नुसत्या गळ्यांनी चार आवाजांत भजन उभं राहतं तेव्हा हॉलच्या पत्र्यांना कंप सुटतो. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. त्या आवाजात तुमचा बारीक आवाज बुडून जातो, म्हणून लाज सोडा.

## ६. आदला दिवस: लू आणि उमू

टोंगाच्या राज्यघटनेतच रविवार पवित्र ठेवलेला आहे. दुकानं बंद, विमानं बंद, शेतीकाम बंद. म्हणजे खोवणं-चिरणं, लाकूड, पानं, झाप, सगळं शनिवारी. रविवारी पहाटे फक्त भट्टी लावायची. शनिवारी दुपारी झोपलात तर रविवार हातातून गेला.

ढोबळमानाने जमीन, आग, डुक्कर हे पुरुषांकडे आणि बांधणं, वाढणं, विणणं बायकांकडे. पुरुष स्वयंसेवकाने लाकडं फोडायला आणि दगड रचायला जावं. मला अळूच्या पानांकडे बसवलं आणि तिथे मला हातपाय फुटले, कारण अळूवडीमुळे पान ओळखीचं होतं.

लू बांधायची पद्धत

१. कोवळी पानं घ्या, देठ आणि मागची जाड शीर काढून टाका.

२. मोठं पान खाली, त्यावर लहान, अशी चार-पाच पानं तळहातावर एकावर एक ठेवा. हाताचा खोलगट द्रोण करा.

३. आत मांस किंवा मासा, कांदा. त्यावर नारळाचा दाट रस. रस काठोकाठ घालू नका, पान मिटताना सगळा मनगटावरून वाहून जातो.

४. कडा आत दुमडून पोटली करा. ती निखाऱ्यावर शेकून मऊ केलेल्या केळीच्या पानात किंवा फॉइलमध्ये घट्ट बांधा. पान शेकायचं ते पानग्यांसाठी शेकतो तितकंच, रंग पालटला की बाजूला.

सावधान: आपण अळूत चिंच किंवा आमसूल घालतो म्हणून ते घशाला खाजत नाही. लूमध्ये आंबट काही नसतं. खाज जाते ती फक्त वेळेने. घाईत काढलेला लू सगळ्या पंगतीचा घसा धरतो. कोणी ‘अजून राहू दे’ म्हणालं तर राहू द्या.

उमूची पद्धत

रायगडात पोपटी लावलेली पाहिली असेल तर वाफेचं तत्त्व कळेल, इथे मात्र मडकं नसतं, जमिनीतला खड्डा असतो. खड्ड्यात लाकडं रचून त्यावर दगड ठेवतात आणि पेटवतात. दगड तापून पांढुरके झाले की अर्धवट जळलेली लाकडं ओढून काढतात आणि दगड सपाट करतात. खाली कंद, कारण त्यांना जास्त आच लागते. वर लूच्या पोटल्या. त्यावर केळीची पानं, गोणपाट, मग माती. रविवारी हे सगळं प्रार्थनेआधी लावून मोकळं व्हायचं, प्रार्थनेहून आलं की उघडायचं.

दगड तापत असताना जवळ वाकून पाहू नका. दगड तडकून कपचा उडतात. चपला घाला, प्लॅस्टिकच्या नको.

तपासा: माती टाकून झाल्यावर उमूभोवती एक फेरी मारा. जिथून वाफ निघते आहे तिथे मूठभर माती आणखी टाका. पहिल्या दिवशी हे एवढंच काम मागून घ्या. सगळ्यांना बरं वाटतं आणि नुकसान काही होत नाही.

## ७. चर्चमध्ये

रविवारी पहाटे पाचच्या सुमाराला घंटा किंवा लाली, म्हणजे लाकडी नगारा, वाजतो. काही गावांत रिकामं गॅस सिलिंडर टांगून तेच वाजवतात. ही पहाटेची प्रार्थना. मुख्य प्रार्थना दहाला, आणि दुपारी आणखी एक. सगळ्यांना जावं लागतं असं नाही, पण सणाच्या दिवशी दहाच्या प्रार्थनेला दहा मिनिटं आधी बसलेले असा.

उशीर झाला तर प्रार्थना सुरू असताना आत शिरू नका, ‘आमेन’ होईपर्यंत दारात थांबा. बसलेल्यांच्या पुढून जावंच लागलं तर कंबरेत वाकून, हळू आवाजात ‘तुलोउ’ म्हणत जा. हा शब्द तुम्हाला दिवसातून वीस वेळा लागेल: चर्चमध्ये, पंगतीत, कोणाच्या डोक्यावरून हात नेऊन वस्तू घेताना. मानाच्या माणसाचं डोकं पवित्र मानतात, म्हणून ते खाली बसलेले असताना त्यांच्याशेजारी ताठ उभं राहणं अपमानाचं.

कुठे बसायचं? यजमान बसतील तिथे. पुढची रिकामी जागा रिकामी आहे म्हणून तुमची होत नाही.

कॅमेरा घरी ठेवा. फाका मेच्या दिवशी मुलं पाठ म्हणत असतात, आजी-मावश्या रडत असतात, तुमच्या वर्गातला मुलगा तिसऱ्या ओळीला अडखळतो आणि आई मागून ओठ हलवत असते. फोटो हवाच असेल तर यजमानांना आधी विचारा आणि प्रार्थना संपल्यावर अंगणात काढा, तेव्हा मुलं स्वतःच समोर उभी राहतात.

## ८. पोला: पंगतीचा क्रम

पोला म्हणजे नारळाच्या झावळीच्या विणलेल्या झापावर मांडलेलं जेवण. आता लांब टेबलंही मांडतात, शब्द तोच. अन्न थरांवर थर रचलेलं असतं, आणि एवढं कोण खाणार हा प्रश्न पडतो. उत्तर असं की तुमची पंगत ही पहिली आहे, शेवटची नाही. मानाचे पाहुणे उठले की पुढचे बसतात, मग मुलं, मग दिवसभर राबलेल्या बायका. उरलेलं टोपल्या भरून घरोघर जातं. हे कळलं की पुढच्या सगळ्या गोष्टी आपोआप कळतात.

१. बसवतील तिथे बसा. एका टोकाला फाईफेकाऊ, नोपेले म्हणजे सरदार, मातापुले म्हणजे त्यांच्या वतीने बोलणारे मानकरी, गावाचे अधिकारी. स्वयंसेवकाला त्याच टोकाला बोलावतात. संकोचाने ‘मी मागे बसते’ म्हणालात तर यजमानांचा पाहुणचार मोडतो. बसा. काम करायची हौस शनिवारी भागवलेली असावी.

२. उभ्याने किंवा चालताना खाऊ-पिऊ नका. पाणीसुद्धा बसून. पुरुषांनी मांडी घालावी, बायकांनी पाय एका बाजूला दुमडून घ्यावेत.

३. प्रार्थनेआधी घास नाही. समोर वाफाळतं ताट आणि मागे लांबलेली प्रार्थना, तरी हात मांडीवर.

४. सुरुवात मानकऱ्यांनी केली की तुम्ही करा. थोडं थोडं, समोरचंच घ्या. लांबचं हवं असेल तर मागा, कोणाच्या पुढून हात नेऊ नका.

५. वारा घालणाऱ्या मुली माश्या हाकायला उभ्या असतात. त्यांना बसून खा म्हणून आग्रह करू नका, त्यांची पंगत पुढे आहे. ‘मालो’, म्हणजे धन्यवाद, म्हणा, पुरे.

६. उठायची वेळ ओळखा. मानाचं टोक उठलं की उठायचं. तुम्ही रेंगाळलात की मागे भुकेली मुलं ताटकळतात.

फाका मेच्या सणाला हाच क्रम उलटतो, त्या दिवशी मान मुलांचा. तुम्हाला वाढायला उभं केलं तर आनंदाने उभे राहा.

सावधान: ओता ईका उन्हात किती वेळ आहे ते पाहून घ्या. पहिल्या पंगतीला ताजा असतो, तिसऱ्या पंगतीला सांगता येत नाही. नको असेल तर ताटात घेऊच नका, घेऊन टाकू नका.

## ९. बोलायला उठवलं तर

उठवतातच. लोक जेवत असतात आणि भाषणं चालू असतात. बोलणाराही रडतो, ऐकणारेही. मध्येच कोणी ‘मालीए!’ म्हणून दाद देतं. लोक ऐकत नाहीत असं समजून थांबू नका.

टोंगातलं कोणतंही भाषण फाकातापूने सुरू होतं, म्हणजे उपस्थित मानकऱ्यांची क्रमाने क्षमा मागून. आधी देव, मग राजा आणि सरदार असतील तर ते, मग फाईफेकाऊ, मग गावाचा अधिकारी, मग बाकी सगळे. आपल्याकडे सूत्रसंचालक ‘व्यासपीठावरील मान्यवर’ म्हणतो तसं हे वरवरचं नाही. क्रम चुकला की जेवणारे हात थांबतात. एवढं एक वाक्य पाठ करा: ‘तापू मो ए आफिओ आ ए ओतुआ ई होताऊ लोतोलोतोंगा.’ आपल्यामध्ये असलेल्या देवाला वंदून, असा त्याचा आशय. पुढची नावं त्या दिवशी कोण आलं आहे त्यावर बदलतात, ती यजमानांकडून सकाळीच कागदावर लिहून घ्या आणि दोनदा म्हणून दाखवा.

नंतर दोन-तीन वाक्यं पुरतात. मी कुठून आले, या घराने मला मुलगी मानलं, ज्यांनी रात्र जागून रांधलं त्यांना ‘मालो औपितो’. विनोद करू नका. विशेषतः मुलगे-मुली, लग्न-प्रेम यांवरचे विनोद तर मुळीच नकोत. भाऊ-बहिणी एकाच ठिकाणी बसलेल्या असतात, आणि त्यांच्यासमोर असं बोलणं तिथे फार मोठी मर्यादा ओलांडणं आहे. माझ्या ओळखीचा एक चांगला मुलगा अशा एका वाक्याने पूर्ण गावाच्या मनातून उतरला, आणि काय चुकलं ते त्याला कोणी सांगितलंही नाही.

## १०. कावा

चर्चच्या आगेमागे पुरुष गोल करून कावा, म्हणजे एका झुडपाच्या मुळांचं पेय, पितात. बोलावल्याशिवाय गोलात बसू नका. वाढणारी तोउआ ही मुलगी असते. तिच्या तिथे असण्याचा भलता अर्थ काढू नका, आणि तिचा भाऊ त्या गोलात नसतो, हे लक्षात ठेवा. स्त्री स्वयंसेवकांना वाढायला बसवायचा प्रस्ताव कौतुकाने येतो. घरच्या बायकांना विचारून मगच हो म्हणा. करवंटीतला कावा एका दमात पिऊन करवंटी परत करायची. जिभेला बधिरपणा येतो, तो उतरतो. दोन करवंट्यांनंतर ‘मालो’ म्हणून थांबलं तरी चालतं.

## ११. रविवार दुपार आणि सोमवार

जेवण झालं की गाव झोपतं. तुम्हीही झोपा. समुद्र समोर आहे आणि ऊन आहे म्हणून पोहायला, पळायला, चेंडू खेळायला जाऊ नका. सकाळी कमावलेला विश्वास दुपारी तिथेच जातो. वाचत पडा, पत्रं लिहा, दुपारच्या प्रार्थनेला जा.

तुमच्या हातात टोपली देतील, भाजलेलं डुक्कर, लू, कंद घातलेली. नको म्हणू नका. स्वतः खात नसाल तर यजमानांच्या स्वयंपाकघरात ठेवा, ती कोणत्या घरी जायची ते त्यांना ठाऊक असतं. तुम्ही परस्पर शेजारी वाटलीत तर गोंधळ होतो. डुकराचं आणि कोंबडीचं उरलेलं त्याच दिवशी संपवा, बऱ्याच घरी फ्रीज नसतो, आणि रात्रभर बाहेर राहिलेलं पुन्हा उकळूनही सुरक्षित होतंच असं नाही.

सोमवारी सकाळी चर्चच्या हॉलवर जा. झाप गोळा करायचे असतात, भांडी घासायची असतात, टेबलं शाळेत परत न्यायची असतात. या कामाला कोणी बोलावत नाही आणि परदेशी माणूस तर कधीच दिसत नाही. मी गेले त्या सोमवारी मोठ्या पातेल्याला डुकराची चरबी थिजून बसली होती, गरम पाणी संपलं होतं, आणि दोन बायका नारळाच्या काथ्याने राखेने ती खरवडत होत्या. एकीने सरकून मला जागा दिली, काथ्याचा तुकडा मोडून अर्धा माझ्या हातात ठेवला.

कोणाच्या घरचं भांडं तुमच्याकडे राहिलं असेल तर ते रिकामं देऊ नका. आपल्या घरचा हा रिवाज तिथे कोणाला खटकत नाही. दोन पपया, थोडी साखर, काहीही. मी रव्याचे लाडू देत असे. डबा पुढच्या शुक्रवारी परत यायचा, त्यात अळूची कोवळी पानं असायची.